पाच शॉटमध्ये गोष्ट कशी सांगावी

एका मिनिटाच्या फिल्ममध्ये किती गोष्ट मावते? माझ्या मते, एक निर्णय. एखाद्या माणसाने एका क्षणी काहीतरी केलं, किंवा करता करता थांबला, एवढंच. पण पहिली फिल्म करताना मन मोठ्या विषयांकडे धावतं: कर्ज, मुलीचं शिक्षण, बापाचा मृत्यू. मग जागा पुरत नाही, मागून निवेदन द्यावं लागतं, ‘पाच वर्षांनंतर’ अशी पाटी येते. गोष्ट कानावर पडते, डोळ्यांना फारसं काही मिळत नाही.

म्हणून इथे एकच लहानशी गोष्ट घेऊन ती कागदापासून एडिटिंगपर्यंत नेऊ. पाच शॉट, साधारण एक मिनिट आणि संवाद अजिबात नाहीत.

आधी एक वाक्य लिहा

गोष्ट एका वाक्यात लिहा आणि त्यातली क्रियापदं तपासा. ‘त्याला वाईट वाटतं’, ‘ती विचारात पडते’ असली क्रियापदं कॅमेऱ्याला दिसत नाहीत. टाकतो, थांबतो, उचलते, वळते ही दिसतात. आपलं वाक्य असं: खिडकीतून रुमाल टाकून एसटीत जागा धरलेला मुलगा, त्या जागेपाशी उभ्या असलेल्या आजोबांना बघतो आणि रुमाल आपला नसल्यासारखा पुढे निघून जातो.

रुमाल टाकून जागा धरणं ही गोष्ट मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही. तो रुमाल म्हणजे ‘ही जागा गेली’ हे त्याला बघताक्षणी कळतं. छोट्या फिल्मसाठी विषय शोधताना अशाच, सगळ्यांना ठाऊक असलेल्या रीतींकडे बघा. रेशनच्या रांगेत नंबर लावून ठेवलेली पिशवी, पंगतीत शेजाऱ्यासाठी राखलेलं पान, दारात काढलेल्या चपला. प्रेक्षकाला जे आधीच माहीत आहे, त्यावर तुमचा एकही सेकंद खर्च होत नाही.

शॉट डिव्हिजन

१. फलाट. बसच्या दारापाशी रेटारेटी. मुलगा रुमालाने मानेचा घाम पुसतो आणि तोच रुमाल खिडकीतून आत टाकतो. मिड शॉट (कमरेपासून वर), १० सेकंद.

२. बसच्या आत, कॅमेरा सीटच्या उंचीवर. रिकाम्या सीटवर रुमाल. हातात पिशवी घेतलेले आजोबा येतात, रुमालाकडे बघतात, बसत नाहीत. दांडा धरून उभे राहतात. १५ सेकंद.

३. मुलाचा क्लोजअप, म्हणजे फ्रेमभर चेहरा. गर्दीतून आत आलाय. समोर बघतो, थांबतो. ८ सेकंद.

४. वाइड, म्हणजे लांबून, आजूबाजूची जागा दिसेल असा. मुलगा सीटकडे न बघता आजोबांच्या मागून पुढे सरकतो आणि उभा राहतो. कंडक्टरची डबल बेल. आजोबा इकडेतिकडे बघतात, मग बसतात. १५ सेकंद.

५. आजोबांच्या हातात रुमालाची घडी. तो कुणाचा, म्हणून ते आजूबाजूला शोधतायत. मागे, जरा धूसर, मुलगा शर्टाच्या बाहीने कपाळ पुसतोय. १२ सेकंद.

आता पहिला शॉट पुन्हा वाचा. मुलगा नुसता रुमाल टाकत नाही, आधी घाम पुसतो. ती दोन सेकंदांची कृती गाळली तर शेवटची बाही निव्वळ बाही उरेल. पहिल्या शॉटमध्ये वस्तू वापरात दाखवली, म्हणून पाचव्यात तिची उणीव दिसते. थोड्या शॉटमध्ये गोष्ट सांगताना मी सगळ्यात जास्त वेळ या एका गोष्टीवर घालवायला सांगेन: शेवटी जे दिसायला हवं, त्याची पेरणी सुरुवातीला कुठे होते?

डबल बेलचंही तसंच. बस सुटतेय, म्हणजे रुमालवाला आता येणार नाही, हे आजोबांना (आणि आपल्याला) त्या आवाजातून कळतं. एक अख्खा शॉट वाचतो.

झाकून बघा

कागदावर एकेक शॉट हाताने झाका आणि उरलेलं वाचा. तिसरा झाकला तर मुलाने आजोबांना पाहिलं हेच कळत नाही, निर्णयच नाहीसा होतो. दुसरा झाकला तर नुकसान जास्त खोल आहे. आजोबा रुमाल बाजूला सारून बसू शकले असते. ते बसत नाहीत, दुसऱ्याची जागा मानतात. त्यांचा हा सभ्यपणा दिसला नाही, तर मुलाचं वागणं नुसती दया ठरेल. दोन अनोळखी माणसं एकमेकांना न सांगता एकमेकांचा मान राखतात, ही आपली खरी गोष्ट आहे, आणि ती दुसऱ्या शॉटमध्ये आहे.

सहाव्या शॉटचा मोह होईल: आजोबा रुमाल परत देतात, दोघं हसतात. तो घेऊ नका. जे आजोबांना माहीत नाही ते प्रेक्षकाला माहीत आहे, यात या फिल्मचा जीव आहे. रुमाल परत गेला की तो संपला.

चेहऱ्याकडून फार मागू नका

सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव यांचा शंभरेक वर्षांपूर्वीचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका नटाचा तोच निर्विकार क्लोजअप त्यांनी वेगवेगळ्या चित्रांना जोडला, सूपच्या वाडग्याला, शवपेटीला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी शोक. तिसऱ्या शॉटमधल्या मुलाला म्हणून ‘भाव दे’ असं सांगू नका. ‘चढ, बघ, एक श्वास थांब’ एवढंच सांगा. दुसऱ्या शॉटनंतर लगेच आल्यामुळे त्या चेहऱ्यावर काय आहे ते प्रेक्षक स्वतः वाचतो.

शूटिंग

एसटीत शूट करायचं तर आधी आगारात चौकशी करून रीतसर परवानगी घ्या. ती जमत नसेल तर उभी असलेली खासगी बस तासाभरासाठी मिळवा. बस सुरू झाल्याचा भास इंजिनाच्या आवाजाने आणि दांडे धरलेल्या माणसांनी एकाच वेळी किंचित झुलण्याने होतो. झुलायची खूण कोण देणार ते ठरवून ठेवा.

आतले सगळे शॉट पॅसेजच्या एकाच बाजूने घ्या. मुलगा तिसऱ्या शॉटमध्ये डावीकडून आला, तर चौथ्यातही डावीकडून उजवीकडेच जायला हवा. नाहीतर तो मागे फिरला असं वाटेल.

फोनवर शूट करत असाल तर फोकस आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ दिसेल ते) दोन्ही लॉक करा. खिडकीतला उजेड आणि आतली सावली यामुळे फोन सारखा उजेड कमीजास्त करत राहतो. सेकंदाला २५ फ्रेमवर, शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवून शूट करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे पुढे कधी ट्यूबलाइटखाली शूट करायची वेळ आली तरी याच सेटिंगवर चित्र लुकलुकणार नाही. प्रत्येक शॉट कृतीच्या पाच सेकंद आधी सुरू करा आणि पाच सेकंद नंतर थांबवा. एडिटिंगला बसल्यावर हे सेकंद सोन्यासारखे वाटतात.

आवाज वेगळा रेकॉर्ड करा: स्टँडवरची अनाउन्समेंट, गर्दी, इंजिन, बेल.

दाखवा आणि विचारा

एडिट झालेली फिल्म, स्क्रिप्ट न वाचलेल्या कुणाला तरी काहीही न सांगता दाखवा. ‘आवडली का?’ विचारू नका, ‘काय झालं?’ विचारा. ‘तो रुमाल विसरला’ असं उत्तर आलं तर तिसरा शॉट तोकडा पडलाय, त्याची नजर आणखी थोडी राहू द्या. ‘आजोबांनी जागा बळकावली’ असं आलं तर दुसऱ्यात त्यांचं थांबणं पुरेसं दिसलेलं नाही, किंवा बेल ऐकूच आलेली नाही. ‘मुलाने जागा सोडली’ हे शब्द आले की कात्री खाली ठेवा.

आणखी कमी शॉट?

ही फिल्म जमली की तीच गोष्ट एका शॉटमध्ये करून बघा. लुमिएर बंधूंच्या १८९५ सालच्या फिल्म मिनिटभराच्याही नव्हत्या, कारण कॅमेऱ्यात सुमारे १७ मीटरच फीत मावायची. त्यांच्यातल्या एकीत माळी झाडांना पाणी घालतोय. मागून पोरगा नळीवर पाय देतो, पाणी थांबतं. माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय उचलतो. कॅमेरा एकाच जागी, तरी पूर्ण गोष्ट, कारण माळ्याला न दिसणारा पोरगा आपल्याला सतत दिसतो.

आपल्या गोष्टीत कॅमेरा त्या सीटच्या पलीकडे, पॅसेजच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. खिडकीतून फलाटावरचा मुलगा दिसतो, रुमाल आत येतो, आजोबा येतात, मुलगा पॅसेजमधून येऊन क्षणभर थांबतो आणि पुढे जाऊन फ्रेमच्या कडेला उभा राहतो. क्लोजअप नाही, म्हणून त्याचं थांबणं पावलांत दिसायला हवं. रिहर्सल बरीच लागेल. सगळ्यांच्या जागा बसच्या फरशीवर चिकटपट्टीने खुणा करून ठरवून घ्या, आणि मुलगा दारातून सीटपर्यंत किती सेकंदांत पोचतो ते मोजून त्याप्रमाणे आजोबांची एंट्री ठेवा.