ओटीचा (ओव्हरटाईमचा) रूल लावताना आधी नाईट शिफ्ट बघा

हजेरी-पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरटाईम सेट करायला बसलात की आधी शिफ्ट मास्टर (शिफ्टच्या वेळांची यादी) नीट करा, जेवणाची सुट्टी वजा होतेय ना ते बघा, मगच ओटी रूलला हात लावा. फॅक्टरी असेल तर आठवड्याला 48 तासांची लिमिट आणि ओटीचा रेट दुप्पट, दीडपट (1.5) टाकून मोकळे होऊ नका. खरी गंमत नाईटला होते, माणूस रात्री 10 ला इन, सकाळी 6 ला आउट, आणि 'डे क्रॉस' (शिफ्ट मध्यरात्र ओलांडते हे सांगणारा पर्याय) टिक केलं नसेल तर सिस्टीम आउट पंच दुसऱ्या दिवसाचा धरते, मग पगाराच्या दिवशी सगळे आपल्याच टेबलाशी! एकाच माणसाचा मागचा महिना चालवून हाताने टॅली करा, मगच सगळ्यांना लावा.