बंदी उठल्यावर पहिली फेरी: जाळं टाकण्याआधी आस (जाळ्याचं भोक) मोजा

मासेमारीवरची बंदी उठण्याच्या आदल्या आठवड्यात बंदरावर सगळ्यांनाच घाई असते. इंजिन झालं, डिझेल भरलं, बर्फ सांगून ठेवला. जाळं मात्र गेल्या हंगामात गुंडाळलं तसंच पडून असतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जाळ्यात मासळी भरपूर येते, पण त्यातली बरीचशी अजून वाढीला लागलेली असते. बहुतेक ठिकाणी बंदीचा काळ अंडी घालण्याच्या दिवसांशी जुळवलेला असतो. ती पिल्लं आत्ताच टोपलीत आली, तर बंदी पाळून हाती काय राहिलं?

म्हणून आधी जाळ्याचं शेवटचं टोक, जिथे मासळी गोळा होते, ते पसरा. ओलं करून घ्या, कारण कोरड्या जाळ्याचं माप फसवतं. आस लांबीच्या दिशेने ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधलं आतलं अंतर मोजा. असे सलग 20 आस मोजून सरासरी काढा. दुरुस्त केलेली जागा सोडा. तुमच्याकडच्या नियमातल्या मापापेक्षा सरासरी कमी भरली तर ते टोक बदला. आतून बारीक जाळ्याचं अस्तर लावण्याची पळवाट काही जण काढतात. त्याने आसाचं माप कागदापुरतंच उरतं.

ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढायचं पिशवीसारखं जाळं, ओढणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. पत्त्यांतल्या चौकटसारखा तिरका आस ओढताना ताणला जाऊन मिटतो, आणि जाळं भरत आलं की पिल्लाला निसटायला फट उरत नाही. चौरस आस ओढतानाही उघडा राहतो. जाळ्याच्या टोकाला तेवढा तुकडा चौरस आसाचा लावला तरी फरक पडतो. ओढही लांबवू नका. तासन् तास जाळ्यात घुसमटलेलं पिल्लू परत सोडलं तरी क्वचितच जगतं.

आता पहिल्या फेरीत करायचं काम. मुख्य मासळीतले 50 मासे बाजूला काढा, लांबी मोजा, पोट फाडून बघा. अंडी घालून झालेल्या मादीची गाबोळी (अंड्यांची पिशवी) ढिली, रक्ताळलेली दिसते. कोवळ्या मादीची बारीक दोऱ्यासारखी, जवळजवळ आरपार दिसणारी असते. ज्या लांबीला निम्म्या माद्या वयात आलेल्या दिसतील, ती वहीत लिहा. 50 माशांवरून अंदाजच येतो, पण दर महिन्याला केलं तर तो पक्का होत जातो. त्याहून आखूड मासे निम्म्याहून जास्त येऊ लागले, तर ती जागा सोडून दुसरीकडे जा.

सगळ्यात मोठी मासळी म्हणजे सगळ्यात चांगली कमाई, हेही सरसकट खरं नाही. कॉड या थंड समुद्रातल्या माशाची 30 किलोची एक मादी 2 किलोच्या सुमारे 28 माद्यांइतकी अंडी घालते. वजन पंधरा पट, पण अंडी अठ्ठावीस पट. काही जातींत, उदाहरणार्थ बऱ्याच ग्रूपरमध्ये (हेकरू), मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. तिथे नुसते मोठे वेचले की नरच संपत जातात. अशा जातींसाठी काही ठिकाणी लहान आणि फार मोठे दोन्ही सोडून मधलेच पकडायचा नियम असतो, आणि मला तो सर्वांत शहाणा वाटतो. पण खोल पाण्यातून वर आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगलेली असते. तो नुसता फेकला तर वरच तरंगत मरतो. वजनाच्या दोरीने खाली उतरवून सोडावा लागतो.

"पण बोटी तर भरून येताहेत," हा नेहमीचा युक्तिवाद. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरही कॉडच्या बोटी भरत होत्या. मासळी कमी होत गेली, तसे उरलेले थवे एकत्र गोळा होत राहिले आणि आवाजाच्या लाटांनी मासळी शोधणारं सोनार यंत्र असलेल्या बोटी नेमक्या तिथेच पोहोचत राहिल्या. 1992 मध्ये बंदी आली, ती दोन वर्षांसाठी म्हणून. उठली 2024 मध्ये. जगभरातल्या मासळीच्या अभ्यासलेल्या साठ्यांपैकी 1974 मध्ये सुमारे 10 टक्के अतिमासेमारीखाली होते. आता एक तृतीयांशाहून जास्त आहेत.

म्हणून वहीत नुसत्या टोपल्या लिहू नका. किती तास जाळं पाण्यात होतं, किती खोलीवर, आणि तिथपर्यंत जायला डिझेल किती लागलं, हेही लिहा. तेवढ्याच टोपल्यांसाठी तास आणि डिझेल वाढू लागलं, तर मासळी घटते आहे हे तुम्हाला इतरांआधी कळेल.

बर्फाचं एका वाक्यात: उष्ण हवेत माशाइतकाच बर्फ, एकास एक. बर्फात ताज्या राहिलेल्या निम्म्या मासळीला चांगला भाव मिळाला तर जास्त पकडायची गरजच कमी होते.

सापळे लावणाऱ्यांनी दाराची एक बाजू नायलॉनऐवजी कापसाच्या दोऱ्याने बांधावी. सापळा हरवला तर दोरा कुजून दार उघडतं. नायलॉन असेल तर तो वर्षानुवर्षं मासे धरत राहतो आणि कोणाच्याच उपयोगी पडत नाही. जाळं तुटून गेलं तर ती जागा जीपीएसवर नोंदवून बंदरात सांगा. लाज वाटायचं कारण नाही, सगळ्यांचीच तुटतात.