कर्नाळ्याच्या निसर्गवाटेवर जाण्यापूर्वीची तयारी

कर्नाळा पक्षी अभयारण्यात फेरीला जायचे ठरले की पहिला निर्णय तेथील कर्नाळा किल्ल्यावर चढण्याबाबत घ्यावा, आणि तो ‘या वेळी नाही’ असाच असावा. किल्ल्याचा अंगठ्यासारखा वर आलेला बेसॉल्टचा सुळका महामार्गावरून इतका ठळक दिसतो की पायथ्याशी पोहोचताच मंडळींचा बेत बदलतो आणि सोप्या वाटेसाठी घेतलेले पाणी, वेळ व दम उभ्या चढणीवर खर्ची पडतो. मुले किंवा ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील, तर हरियाल आणि मोरटाका या दोन निसर्गवाटांपैकी लहान असलेली हरियाल पुरेशी आहे. चालण्याची सवय असलेल्यांनी मोरटाका निवडावी. दोन्ही एकाच दिवशी उरकण्याचा हट्ट धरू नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा, कारण वाट कोरडी असते आणि हिवाळी पाहुणे पक्षीही आलेले असतात. पावसाळ्यात येथे वीण करणारा तिबोटी खंड्या पाहण्यासाठी पुष्कळ जण येतात. त्यांनी शेवाळलेल्या दगडांचा आणि अचानक फुगणाऱ्या ओढ्यांचा हिशेब आधी करावा, आणि ओढ्याकाठच्या मातीतील घरट्याजवळ छायाचित्रासाठी ठाण मांडून बसू नये. रविवार शक्यतो टाळावा. प्रवेशाची वेळ व शुल्क आदल्या दिवशीच विचारून घ्यावे आणि दार उघडताच आत शिरता येईल अशा बेताने घरून निघावे, कारण ऊन तापले की पक्षी गप्प होतात आणि माणसे चिडचिडी.

पनवेलहून अभयारण्य सुमारे १२ किलोमीटरवर, मुंबई–गोवा महामार्गालगतच आहे. पनवेल स्थानकापर्यंत लोकलने आणि तेथून पेणच्या दिशेच्या एसटीने जाता येते. मात्र लांब पल्ल्याची गाडी येथे थांबेलच असे गृहीत न धरता चढण्यापूर्वी वाहकाला विचारावे.

पाणी माणशी दोन लिटर घ्यावे आणि ते स्टीलच्या बाटल्यांत भरावे. प्रवेशद्वारावर प्लास्टिकच्या वस्तूंची मोजदाद करून अनामत घेण्याची पद्धत आहे. त्यामुळे वेफर्सच्या पुड्या आणि विकतच्या बाटल्या घेऊन जाणाऱ्याला प्रत्येक वस्तू सांभाळत परत आणावी लागते. दशम्या, कोरडी चटणी, खजूर, शेंगदाण्याचे लाडू असे डब्यात बसणारे खाणे न्यावे. डबा वाटेत माकडांच्या देखत उघडू नये, आणि केळ्याची साल ‘कुजून जाईल’ म्हणून झुडपात फेकू नये. माकडांना माणसांच्या खाण्याची चटक लागते ती अशानेच.

कपडे पूर्ण बाह्यांचे, सुती आणि मळखाऊ रंगाचे असावेत. याचे एक कारण पक्षी बुजू नयेत हे, आणि दुसरे खाजकुयली. पावसाळा सरल्यावर या वेलीच्या वाकड्या शेंगा वाळू लागतात आणि त्यांवरची सोनेरी-तपकिरी मखमली लव वाऱ्यानेही उडते. दिसायला देखणी म्हणून मुले हटकून हात लावतात. लव अंगाला लागल्यास चोळू नये, चिकटपट्टी दाबून उचलावी आणि मग ती जागा धुवावी. म्हणून औषधांच्या पिशवीत क्रेप बँडेज, जखमेचे मलम आणि नेहमीच्या गोळ्यांबरोबर चिकटपट्टीचे एक रीळ अवश्य ठेवावे. बूट नवे कोरे नसावेत. तळव्याला खाचा असलेले, आठवडाभर तरी वापरलेले असावेत.

मधमाश्यांविषयी वेगळे सांगायला हवे. येथील सुळक्याच्या कड्यावर आग्या मोहोळांची पोळी असतात. निसर्गवाटा तेथे जात नसल्या तरी अत्तर, उग्र वासाचे तेल आणि स्पीकर घरीच ठेवावेत, आणि धूर होईल असे काहीही करू नये. ज्यांना दंशाची तीव्र ॲलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांनी दिलेले औषध स्वतःच्या खिशात ठेवावे आणि ते कोठे आहे हे सोबत्याला दाखवावे.

फेरीची वाट निघालो तेथेच परत आणते, आणि हा गुण तोच तिचा दोष : निम्मे अंतर ओलांडल्यावर मागे फिरून काहीच वाचत नाही. म्हणून निम्म्याच्या आत एक थांबा ठरवावा आणि तेथे घड्याळ, उरलेले पाणी व सर्वांत दमलेल्या माणसाचा चेहरा पाहून पुढे जायचे की नाही हे ठरवावे. त्याच माणसाला पुढे चालू द्यावे, वाट माहीत असलेल्याने शेवटी राहावे. पक्षी पाहत चालणाऱ्या गटाचा वेग सहज निम्म्यावर येतो, तेव्हा वेळेचा अंदाज बांधताना ऐसपैस बांधावा. मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. निवडलेली वाट व परतण्याची वेळ घरी लिहून ठेवावी, नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि रुग्णवाहिकेचा १०८ व वन विभागाचा १९२६ हे क्रमांक कागदावरही असू द्यावेत.

बाहेर पडताना अनामत परत घेण्यासाठी पावती हाताशी ठेवावी. एसटीने ये-जा करणाऱ्यांना येताना किंवा जाताना एकदा महामार्ग ओलांडावा लागतोच; पूर्ण फेरीत सर्वाधिक धोक्याचे अंतर हेच, म्हणून मुलांचा हात कोणी धरायचा हे दारातच ठरवून मग रस्त्याकडे वळावे.