एडमंटनचा पहिला उन्हाळा: चार वाजले की पश्चिमेकडे बघा

मे संपत आला की नवीन आलेल्यांपैकी कुणाचा तरी फोन येतोच. "ताई, यंदा उन्हाळा नेहमीपेक्षा उबदार आणि वादळी म्हणतायत. एसी घ्यायचा का?" फोन करणारा जानेवारीत उतरलेला असतो. उणे तीसमध्ये बसची वाट बघून झाल्यावर त्याला आता कशाचीच भीती उरलेली नसते. मी मूळची सांगलीची. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या या एडमंटनमध्ये १४ उन्हाळे काढलेत, आणि त्यातले पहिले दोन मीही अशाच भ्रमात काढले.

आधी त्या अंदाजाचं बघू. एन्व्हायर्नमेंट कॅनडा, म्हणजे इथलं सरकारी हवामान खातं, तीन-तीन महिन्यांचा अंदाज देतं. या तीन महिन्यांचं तापमान १९९१ ते २०२० च्या सरासरीपेक्षा वर राहील की खाली, याची शक्यता किती, एवढंच त्यात असतं. इथे जुलैत दिवसा सरासरी २३ आणि पहाटे १२ असतं. तेव्हा 'नेहमीपेक्षा उबदार' म्हणजे सांगलीचा एप्रिल नव्हे, एखाद-दुसरा अंश इकडेतिकडे. स्वेटर माळ्यावर टाकायची घाई करू नका. वादळ कुठल्या दिवशी कुठल्या भागावर कोसळणार हे तर तीन महिने आधी कुणालाच सांगता येत नाही; ते त्याच दिवशी कळतं, कधीकधी त्याच तासाला. मोसमी अंदाज वाचा आणि विसरून जा. बघायचं ते रोजचं.

आपल्याला खरी अडचण होते ती पावसाळ्याच्या सवयीची. आपला पाऊस एकदा आला की मुक्काम ठोकतो, आणि छत्री घेतली की आपलं भागतं. इथला उन्हाळी पाऊस म्हणजे वळीव, आणि तो जून ते ऑगस्ट कधीही येतो. सकाळी आभाळ लख्ख निळं. दुपारी कापसाचे पुंजके. मग त्यातला एखादा कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत वर चढतो, वर जाऊन ऐरणीसारखा सपाट पसरतो आणि तासाभरात झाकोळून येतं. अर्धा-पाऊण तास धिंगाणा, की पुन्हा ऊन. छत्रीचा काही उपयोग नाही. वाऱ्याने ती पहिल्याच झटक्यात उलटी होते.

ढग बहुतेक वेळा जमतात रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्यांवर आणि तिथून पूर्वेकडे, म्हणजे आपल्याकडे, सरकतात. ओलावा बराचसा शेतांतूनच येतो. जुलैत कनोला (मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक) आणि गहू जोमात असतात, तेव्हा पिकं दिवसभर हवेत पाणी सोडत असतात. जुलै इथला सर्वांत पावसाळी महिना आहे तो काही उगाच नाही.

वेळेचंही गणित वेगळं आहे. जूनअखेर सूर्य पाचला उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो, आणि उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे केलेलं असल्यामुळे इथली खरी माध्यान्ह दुपारी दीडच्या पुढे होते. त्यामुळे हवा सर्वांत तापते चार-पाचच्या सुमारास, आणि ढग फुटतात ते नेमके ऑफिस सुटायच्या आणि पोरं फुटबॉलच्या मैदानावर असायच्या वेळी. म्हणून घरात नियम केलाय: चारनंतर बाहेर पडताना एकदा पश्चिमेकडे बघायचं.

हा नियम फुकट नाही मिळाला. दुसऱ्या उन्हाळ्यात मला वाटलं, कोरडी हवा, सतरा तासांचा उजेड, साबुदाण्याच्या पापड्यांना याहून चांगलं गाव कुठलं! डेकवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून सकाळी साडेसातला शंभरेक पापड्या घातल्या. दुपारी चारला कडा सुटायला लागल्या होत्या. एकेक उलटवताना लक्षात आलं की वारा एकदम पडलाय. पश्चिमेला ढगाचं पोट हिरवट, शेवाळ्यासारखं दिसत होतं. मी काय करावं? फोटो काढायला मोबाइल आणायला आत गेले. परत येते तोवर पहिली गार डेकवर आपटून गुडघ्यापर्यंत उसळली. आधी हरभऱ्याएवढ्या, मग सुपारीएवढ्या, शेवटी चांगल्या लिंबाएवढ्या. दहा मिनिटांत पापड्या आणि गारांचा एकच लगदा झाला.

पापड्यांचं दुःख संध्याकाळपर्यंतच टिकलं, कारण मग रस्त्यावर उभी केलेली गाडी आठवली. बॉनेटवर इडलीपात्रासारखे खळगे, काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. आणि विमा? फक्त सक्तीचा. अल्बर्टात सक्तीच्या विम्यात गारपीट येत नाही, त्यासाठी 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' वेगळं घ्यावं लागतं. एजंटने विचारलं होतं. आम्हीच महिन्याचे थोडे डॉलर वाचवायला 'नको' म्हणालो होतो. गाडी घेतलीत तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा, आणि डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपल्या खिशातून भरायचा हिस्सा, किती तेही. गॅरेज असेल तर त्यातली खोकी उन्हाळ्यात काढा आणि गाडी आत घ्या. बहुतेकांच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं असतं.

दक्षिणेकडे, रेड डिअरपासून कॅल्गरीपर्यंत, गारपीट याहून भयंकर. त्या पट्ट्याला 'हेल अ‍ॅली', म्हणजे गारांची गल्लीच म्हणतात. ५ ऑगस्ट २०२४ ला कॅल्गरीत पडलेल्या गारांनी विमा कंपन्यांना जवळपास ३ अब्ज डॉलरना बुडवलं. तिथे १९९६ पासून विमा कंपन्याच स्वतःच्या पैशाने विमानं पाठवून ढगांत सिल्व्हर आयोडाइड फवारतात, गारा लहान राहाव्यात म्हणून. आपल्याकडे कृत्रिम पाऊस पाडायला जे फवारतात, तेच.

आता इशारे. फोनवर वेदरकॅन आणि अल्बर्टा इमर्जन्सी अ‍ॅलर्ट ही दोन अ‍ॅप्स घ्या. 'वॉच' म्हणजे वादळाला पोषक हवा आहे, कान उघडे ठेवा. 'वॉर्निंग' म्हणजे आलंच, किंवा येऊन ठेपलंय. या दोन शब्दांत गल्लत करू नका. वादळाची वॉर्निंग देतात ती २० मिलिमीटरच्या गारा, ताशी ९० किलोमीटरचा वारा किंवा तासात ५० मिलिमीटर पाऊस, यांपैकी काही अपेक्षित असेल तेव्हा. आणि कधी फोन अचानक भोंग्यासारखा कर्कश ओरडला तर तो बंद करायची धडपड करू नका, आधी वाचा. ३१ जुलै १९८७ च्या शुक्रवारी शहराच्या पूर्व भागातून चक्रीवावटळ (टॉर्नेडो) गेली आणि २७ माणसं दगावली. जुनी माणसं अजून त्याला 'ब्लॅक फ्रायडे' म्हणतात. प्रांताची इशारा यंत्रणा त्यानंतरच उभी राहिली. टॉर्नेडोची वॉर्निंग आली तर बेसमेंटमध्ये जायचं. बेसमेंट नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत, नाहीतर बाथरूममध्ये. बाल्कनीत व्हिडिओ काढत उभं राहायचं नाही. (हे मी कोणत्या तोंडाने सांगतेय, ते वर आलंच आहे.)

विजेचा हिशोब सोपा आहे. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात. पक्क्या छताखाली किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं तिथेच थांबा. पार्कमधला पिकनिकचा मांडव म्हणजे पक्कं छत नव्हे. आपल्या मंडळाच्या सहलीत दरवर्षी भरीत-भाकरीची ताटं घेऊन सगळे त्याच मांडवाखाली दाटी करतात, आणि दरवर्षी मी आरडाओरडा करून त्यांना गाड्यांत पाठवते.

पाण्याबद्दल मुंबईकर जरा जास्तच बेफिकीर असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. एडमंटनला बर्फ धरून अख्ख्या वर्षाचा हिशोब साधारण ४५० चा. मग घाबरायचं कशाला? कारण इथे वर्षाचा दहावा हिस्सा एका संध्याकाळी, गारांसकट येऊ शकतो. गारांनी गटारांची तोंडं बुजतात, अंडरपास भरतात, आणि पाणी उलट बेसमेंटच्या जाळीतून वर येतं. ११ जुलै २००४ ला खुद्द वेस्ट एडमंटन मॉलमध्ये पाणी शिरलं आणि लोकांना बाहेर काढावं लागलं. नवीन मंडळी बरेचदा बेसमेंटमध्येच भाड्याने राहतात. तेव्हा तांदळाची पोती आणि पासपोर्टची बॅग जमिनीवर ठेवू नका. भाडेकरूचा विमा घ्या, आणि त्यात 'सुअर बॅकअप', म्हणजे गटाराचं पाणी उलट घरात येणं, धरलंय का ते स्पष्ट विचारा. तो सहसा वेगळा जोडावा लागतो.

राहिला एसी. दोन दिवस दिवसा २९ आणि रात्री १४ च्या खाली उतरलं नाही की इथे उष्णतेचा इशारा लागतो. आपण हसतो. पण इथली लाकडी घरं थंडी बाहेर ठेवायला बांधलेली. आत शिरलेली धग लवकर निघत नाही, आणि जुन्या घरांत एसी नसतोच. सकाळी सातला खिडक्या, पडदे बंद, रात्री दहाला सगळं उघडायचं. बहुतेक वर्षी एवढ्यावर भागतं. अडतं ते धुराच्या दिवसांत, कारण तेव्हा खिडक्या उघडता येत नाहीत. जंगलं पेटली, आणि त्यातली कित्येक या विजांनीच पेटतात, की दुपारी सूर्य कुंकवासारखा लाल दिसतो. हवेच्या आरोग्य निर्देशांकाचा (एक्यूएचआय; भारतातला एक्यूआय नव्हे) आकडा ७ वर गेला की मुलांना मैदानावर पाठवू नका. म्हणून माझा सल्ला एसीच्या आधी हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचा. मेमध्येच घ्या, धूर आला की दुकानांत मिळत नाही.

आणि मोठी गार सापडली तर शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि फ्रीझरमध्ये टाका. इथे गारांवर संशोधन करणारे लोक खरंच त्या गोळा करतात. १ ऑगस्ट २०२२ ला मार्करव्हिलजवळ सापडलेली गार २९२ ग्रॅमहून जड भरली, कॅनडातली आजवरची सर्वांत मोठी. माझ्याकडे पापड्यांच्या दिवशीची एक आहे, खवलेल्या नारळाच्या डब्यामागे. आता आवळ्याएवढीच उरलीय, पण नवीन कुणी जेवायला आलं की दाखवते.