आधी अट शोधावी : स्कॉटिश ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्या कशा वाचाव्यात

जुने नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि 'गंगेवर जाऊन येतो' म्हणणाऱ्या आजोबांनी शंतनू-गंगेची गोष्ट नातवंडांना कधी ना कधी सांगितलेली असते. मी काहीही केले तरी मला अडवायचे नाही आणि जाब विचारायचा नाही, अशी अट गंगेने घातली होती. शंतनूने अखेर तोंड उघडले आणि ती निघून गेली. स्कॉटलंडची पार्श्वभूमी आणि परीकथेचा धागा असलेली ऐतिहासिक प्रणयकादंबरी प्रथमच हाती घेणाऱ्या वाचकाने ही एक गोष्ट आठवावी, कारण या कादंबऱ्यांची सारी ओढ अशाच एखाद्या अटीत असते.

म्हणून पहिल्या चाळीस-पन्नास पानांत नायक-नायिकेच्या रूपवर्णनात फार न गुंतता अट शोधावी. ती कोणी घातली, तिची मुदत केव्हा संपते आणि मोडली तर काय गमवावे लागेल, या तीन गोष्टी कागदाच्या पट्टीवर लिहून ती पट्टी पुस्तकात खूण म्हणून ठेवावी. (वाचनालयाच्या प्रतीवर पेन्सिलीनेही रेघ मारू नये, या मताचा मी आहे.) पन्नास पाने उलटूनही पट्टी कोरीच राहिली, तर पुस्तकात परीकथा केवळ मुखपृष्ठापुरती आहे असे समजून ते खुशाल परत करावे.

अशी अट कथेत कशी काम करते ते पाहण्यासाठी कादंबरीपूर्वी 'टॅम लिन' हे जुने स्कॉटिश कथागीत वाचावे. या कथेचा उल्लेख 1549 सालच्या एका स्कॉटिश ग्रंथात सापडतो, आणि कवी रॉबर्ट बर्न्स यांनी दिलेले तिचे रूप 1796 मध्ये छापले गेले. एट्रिक आणि यॅरो या दोन नद्यांच्या संगमाजवळ कार्टरहॉ नावाचे रान आहे. तेथे जाऊ नये असे बजावलेले असताना कथेची नायिका जॅनेट जाते, गुलाब खुडते आणि टॅम लिन तिच्यासमोर उभा राहतो. (तपोवनातला कपिला संगम पाहिलेल्याला संगमावर असे काही घडावे याचे नवल वाटणार नाही.) तो मूळचा माणूसच, पण पऱ्यांच्या राणीने पळवून नेलेला. दर सात वर्षांनी पऱ्यांना नरकाचा कर भरावा लागतो आणि या खेपेला आपलाच बळी जाईल, अशी त्याला भीती आहे. सुटकेची वाट एकच असते. हॅलोविनच्या रात्री पऱ्यांची स्वारी निघेल, तेव्हा जॅनेटने काळा घोडा जाऊ द्यावा, तपकिरी जाऊ द्यावा आणि पांढऱ्या घोड्यावरच्या स्वाराला खाली ओढून घट्ट धरावे. तिच्या मिठीत तो साप होईल, अस्वल होईल, तापलेले लोखंड होईल, शेवटी धगधगता निखारा होईल. निखारा विहिरीच्या पाण्यात टाकायचा आणि बाहेर आलेल्या उघड्या माणसावर आपला हिरवा झगा पांघरायचा. प्रेमाची कबुली म्हणून एकही लांबलचक भाषण नाही, फक्त हात सोडायचा नाही. पुढच्या शेकडो पानांच्या कादंबऱ्यांना ही ताकद क्वचितच साधते.

दुसरी नोंद कथेच्या सालाची करावी. 16 एप्रिल 1746 रोजी स्कॉटलंडमधल्या कलोडन येथे जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचा, पराभव झाला. त्यानंतर हायलंडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांच्या पारंपरिक पोशाखावर कायद्याने आलेली बंदी 1782 मध्ये उठली. कथा या काळात घडत असेल तर नायकाच्या अंगावरचे प्लेड (अंगाभोवती गुंडाळायचे चौकटींचे लोकरी वस्त्र) हीच एक मोडलेली अट ठरते, फक्त ती परीने नव्हे तर सरकारने घातलेली. पळून जाऊन लग्न करणाऱ्या इंग्रज जोडप्यांचेही तसेच आहे. 1754 पासून इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांखालील मुलामुलींच्या लग्नाला साधारणपणे पालकांची संमती लागू लागली. स्कॉटलंडमध्ये मात्र परस्परांची संमती पुरेशी होती, म्हणून सीमेलगतच्या ग्रेटना ग्रीन गावाकडे रात्रीच्या घोडागाड्या धावू लागल्या.

काही गोष्टींकडे मात्र काणाडोळा करावा. तेराव्या शतकातला नायक आपल्या कुळाच्या ठरावीक चौकटींचा गुडघ्यापर्यंतचा किल्ट (पुरुषांचा चुण्यांचा घागरा) घालून वावरत असेल, तर तो पाचशे-सहाशे वर्षे आधीच कपडे करून आला आहे. प्रत्येक कुळाचे वेगळे टार्टन, म्हणजे चौकटींची ठरावीक नक्षी, ही कल्पना मुख्यतः एकोणिसाव्या शतकात रुजली. एकमेकांचे हात बांधून 'एक वर्ष आणि एक दिवस' एवढ्या मुदतीपुरते करून पाहण्याचे लग्न लेखकांना फार प्रिय असले, तरी इतिहासाचे अभ्यासक ते खरे मानत नाहीत. अशा चुकांनी रसभंग होऊ देऊ नये, पण त्यांना इतिहास समजून कोणाला सांगूही नये.

लोककथांचे जग आपल्याला वाटते तितके परके नाही. पाठीवर बसलेल्याला घेऊन पाण्यात बुडी मारणारा केल्पी नावाचा घोडा भेटला की डोहातल्या आसरा आठवाव्यात. पऱ्यांनी मूल बदलू नये म्हणून स्कॉटलंडमध्ये पाळण्यापाशी लोखंड ठेवत. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा चाकू असतो. अशी जागा आली की पुस्तक मिटून आजीला विचारावे.

शेवट तपासायचा असेल तर सेल्कीची कथा घ्यावी. ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवरच्या लोककथांत सील कातडे उतरवून बाई होते, कोणी पुरुष ते कातडे लपवून तिच्याशी लग्न करतो, आणि पुढे कधीतरी ते सापडताच ती मुलाबाळांना सोडून समुद्रात परतते. प्रणयकादंबरीला मात्र शेवटी मीलन हवेच असते, त्यामुळे लेखिकेला त्या कातड्याचे काहीतरी करावे लागते. अखेरच्या प्रकरणात ते कोणाच्या हातात आहे ते पाहावे. नायकाने ते जाळले असेल, तर लेखिकेने अडचण सोडवली नसून टाळली आहे. त्याने ते स्वतः काढून तिच्या हाती दिले असेल आणि तरीही ती चुलीपाशी थांबली असेल, तर तिच्या थांबण्याचे कारण मागच्या पानांत शोधावे. सापडले, तर ते पुस्तक परत करण्याआधी पुन्हा एकदा वाचावे.