फ्लोमला उतरताना: एका बंदराचा बेत

क्रूझचं बुकिंग झालं की शोअर एक्सकर्शनची, म्हणजे बंदरात उतरून करायच्या सहलींची, लांबलचक यादी येते आणि आमच्या रामबागेतली मंडळी ती घेऊन माझ्याकडे येतात. इंदूरच्या शाळेत भूगोल शिकवण्यात सगळी नोकरी सरली, त्यामुळे नकाशा पसरून बसायला मला निमित्तच हवं असतं. यादीवर बहुधा सगळीकडे खुणा झालेल्या असतात. रेल्वे हवी, बोट हवी, डोंगरावरचा कठडाही हवा. "एवढे पैसे घालतोय तर सगळंच उरकून घेऊ ना!" उरकायचंच असेल तर घरची कामं काय कमी आहेत? एका बंदरात एकच मोठी गोष्ट करा, असं मी सांगते. फ्लोमचं उदाहरण घेऊ, कारण नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पुष्कळ सहलींत ते असतं.

मुळात सहल सुरू होते जहाजाच्या डेकवर, आणि तिला तिकीट नाही. जहाज आत येतं ते सोग्नेफ्योर्डमधून. फ्योर्ड म्हणजे कड्यांमधून जमिनीत आत शिरलेला समुद्राचा चिंचोळा पट्टा. हा 200 किलोमीटरहून लांब आणि जास्तीत जास्त 1300 मीटर खोल आहे. हिमनदीने ही दरी खरवडली आणि मागाहून तिच्यात समुद्र शिरला. गंमत म्हणजे एवढी खोल दरी समुद्राच्या तोंडाशी मात्र उथळ आहे, कारण तिथवर येईतो हिमनदीचा जोर ओसरलेला होता. या फ्योर्डला औरलांडफ्योर्ड नावाचा फाटा फुटतो आणि त्याच्या टोकाशी फ्लोम. म्हणजे सकाळी जहाज धक्क्याला लागण्याआधी काही तास तुम्ही कड्यांच्या मधून जात असता. पाचचा गजर लावा. जूनमध्ये तोवर लख्ख उजाडलेलं असतं. नाश्त्याला नंतर जा, पोहे काही तिथे मिळणार नाहीत.

आता निवड. गुडघे दुखत असतील, बरोबर म्हातारी माणसं असतील, तर डोळे मिटून रेल्वे घ्या. फ्लोमचं स्टेशन धक्क्यापासून दोन पावलांवर आहे. गाडी समुद्रसपाटीपासून निघते आणि 20 किलोमीटरमध्ये 866 मीटरवरच्या मिरदाल स्टेशनला पोचते. आपलं इंदूर आधीच साडेपाचशे मीटरवर बसलंय, म्हणून आपल्याला जानापावची टेकडी फारशी उंच वाटत नाही. मिरदालची उंची साधारण जानापावएवढीच, पण ती शून्यातून चढायची. बहुतेक मार्गाचा चढ 18 मीटरला 1 मीटर आहे आणि वाटेत 20 बोगदे आहेत. एका ठिकाणी तर गाडी डोंगराच्या पोटातच वळसा घेऊन वर निघते. 1940 साली ही गाडी सुरू झाली, आणि बहुतेक बोगदे हातांनी खणलेले आहेत.

खिडकी कुठल्या बाजूची, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. त्यावरून भांडू नका. दरी कधी डावीकडे येते, कधी उजवीकडे, आणि उतरताना सगळं पुन्हा दिसतंच. भांडायचंच असेल तर डब्याच्या दारापासून किती लांब बसायचं यावर भांडा. कारण वाटेत शोसफॉसेन धबधब्यापाशी गाडी काही मिनिटं थांबते आणि सगळा डबा एकदम खाली उतरतो. दाराजवळचा माणूस कठड्याशी पोचतो, मागच्याला छत्र्या आणि मोबाइल दिसतात.

धबधबा मिळून 225 मीटरचा. आपल्या इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याच्या दुपटीहून जास्त. फलाटाच्या फळ्या तुषारांनी सतत ओल्या असतात, म्हणून गुळगुळीत तळव्यांच्या चपला नकोत. आमचे हे चष्मा पुसता पुसता म्हणाले, "दिसलं काहीच नाही, पण भिजलो झकास." उन्हाळ्यात तिथे अचानक गाणं सुरू होतं आणि खडकावर लाल झग्यातली बाई नाचताना दिसते. ही हुल्ड्रा, नॉर्वेच्या लोककथांमधली रानातली मोहिनी. तिला गाईची शेपटी असते म्हणतात. पर्यटकांसाठी केलेला खेळ आहे हे उघड, तरीही मला आवडला. इतक्या घनगंभीर धबधब्यापुढे एवढा नाटकीपणा करायला धीर लागतो. आधी धबधबा बघा, मग फोन काढा, कारण शिट्टी झाली की गाडी खोळंबत नाही.

जाऊन-येऊन दोन तास पुरतात. मिरदालला मोटारीचा रस्ताच नाही, त्यामुळे वर स्टेशन, वारा आणि कॉफी एवढंच. जूनच्या सुरुवातीलाही आजूबाजूला बर्फ असू शकतो.

रेल्वे नको असेल, तर बोटीने नेरॉयफ्योर्ड. तुमचं मोठं जहाज औरलांडफ्योर्डमधून येतं, हा अरुंद फाटा बाजूलाच राहून जातो. काही ठिकाणी तो जेमतेम 250 मीटर रुंद आहे. 2005 पासून तो गायरांगेरफ्योर्डबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. विजेवर चालणारी बोट दोनेक तासांत गुडवांगेनला सोडते, तिथून बस बोगद्यांतून वीसेक मिनिटांत फ्लोमला परत आणते. इंजिनाची घरघर नसल्याने कड्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज येतो. माझ्या मते रेल्वेपेक्षा हे थोडं सरसच, पण उघड्या डेकवर थंडी कडक असते.

स्टेगास्टाइनचा कठडा तिसरा. फ्योर्डच्या 650 मीटर वर, डोंगरातून 30 मीटर बाहेर काढलेला लाकडी पूल आणि टोकाला काच. रस्ता वळणावळणाचा आणि अरुंद, बस लागणाऱ्यांनी विचार करून जावं. फोटो छान येतो, पण तिथे फोटो काढण्यापलीकडे फारसं काही करायचं नसतं.

बुकिंग जहाजातर्फे की स्वतः? जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. स्वतः गेलात तर थांबत नाही, पुढचं बंदर पदरचे पैसे घालून गाठावं लागतं. फ्लोममध्ये स्टेशन इतकं जवळ आहे की स्वतः तिकीट काढायला हरकत नाही, फक्त महिनोन् महिने आधी काढा. मोठं जहाज आलेल्या दिवशी खिडकीवर जाऊन तिकीट मिळेल ही आशा नको. ऑल अबोर्डची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परत चढायची, वेळ आणि जहाज सुटायची वेळ वेगळी असते, पहिली पाळायची. आणि घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा, कारण ती किनाऱ्यावरच्या वेळेहून कधी कधी वेगळी असते.

छत्री घरी ठेवा, टोपीचा रेनकोट घ्या. भर उन्हाळ्यातही स्वेटर लागतोच. शेव-चिवडा खुशाल न्या, पण पेढे आणि दुधाची मिठाई नको: युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणायला बंदी आहे. तिकडे गेल्यावर शेळीच्या दुधाचं तपकिरी चीज जरूर चाखा. चीज काढल्यावर उरलेलं दुधाचं पाणी आटवून करतात, चव थेट खारवलेल्या खव्याची. शेजारचं उंड्रेडाल गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. पैसे क्रोनरमध्ये, युरो नव्हे. पण कार्ड सगळीकडे चालतं.

शेवटचं व्हिसाचं. नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. जहाज इंग्लंडमधल्या साउथॅम्पटनहून सुटत असेल तर शेंगेनबरोबर ब्रिटनचा व्हिसाही लागतो, आणि परत तिथेच उतरायचं असल्याने एकाहून जास्त प्रवेशांचा. हँबुर्ग किंवा कोपेनहेगनहून सुटणारं जहाज निवडलंत आणि वाटेत ब्रिटनचं बंदर नसलं, तर एका व्हिसावर काम भागतं. तेव्हा जहाज ठरवताना आधी ते कुठून सुटतं हे बघा, किंमत मग.