मॉस्को म्यूल घरी: आधी आलं, मग व्होडका

मॉस्को म्यूलमध्ये लागतं काय? व्होडका, लिंबू, जिंजर बिअर आणि बर्फ. व्होडकाला स्वतःची चव जवळजवळ नसतेच, त्यामुळे पेल्यात बोलतं ते आलं. बाजारात मिळणारी जिंजर एल गोड आणि मिळमिळीत असते, ती इथे कामाची नाही. जिंजर बिअर घरीच करा. इंदूरच्या हवेत ती फार छान होते. नाव रशियन असलं तरी हे पेय अमेरिकेतलं, 1941 च्या सुमाराला लॉस एंजेलिसमध्ये रुजलेलं. व्होडका विकणाऱ्याला तेव्हा गिऱ्हाईक मिळत नव्हतं आणि जिंजर बिअर विकणाऱ्यालाही. दोघांनी माल एकत्र केला.

विरजण. दुधाला लावतो तसंच हे आल्याचं विरजण. दोन कप पाणी उकळून पूर्ण गार करा. त्यात दोन मोठे चमचे आल्याचा कीस आणि तेवढीच साखर घाला. आलं धुवा, पण सोलू नका. आंबवणारं यीस्ट सालीवरच असतं. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून ओट्यावर ठेवा. रोज एक चमचा कीस, एक चमचा साखर घालून ढवळायचं. चार-पाच दिवसांत वर फेस येतो आणि ढवळताना सळसळ ऐकू येते. मे महिन्यात आमच्याकडे तिसऱ्या दिवशीच येते. बुरशीचा तवंग किंवा कुबट वास आला तर सगळं टाकून द्या, वरचं काढून वापरू नका.

जिंजर बिअर. जून, रेषाळ आलं घ्या. थंडीत येणारं कोवळं आलं रसाळ असतं, पण झणका देत नाही. 150 ग्रॅम आलं लागेल. निम्मं ठेचून सव्वा लिटर पाणी आणि 150 ग्रॅम साखरेबरोबर दहा मिनिटं उकळा. उरलेलं किसून, पिळून त्याचा रस बाजूला ठेवा. उकळल्याने तिखटपणा उतरतो, म्हणून हा कच्चा रस हवाच. पाणी पूर्ण गार झालं की गाळून त्यात रस, दोन लिंबं आणि अर्धा कप गाळलेलं विरजण घाला. गरम पाण्यात विरजण घातलं तर ते मरतं.

आता बाटली. कोल्ड्रिंकची प्लास्टिकचीच घ्या आणि चार बोटं रिकामी ठेवा. काचेची बाटली माझ्या स्वयंपाकघरात एकदा फुटली आहे. ओट्यावर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. प्लास्टिकची बाटली दाबून बघता येते: दगडासारखी घट्ट लागली की लगेच फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात एक दिवस, डिसेंबरात तीन. थोडं मद्यार्क यातही तयार होतं, तेव्हा ही मुलांना देऊ नका.

पेला. हे पेय तांब्याच्या मगात देतात, कारण तांबं पटकन गार पडतं. इथे मात्र आपल्या आज्यांचं ऐका. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकतं, तसंच लिंबूही. आंबट पदार्थ तांब्याला खातो आणि ते तांबं पोटात जातं. अमेरिकेच्या अन्न-नियमांतही सामू (pH, जितका कमी तितका पदार्थ आंबट) 6 पेक्षा कमी असलेले पदार्थ नुसत्या तांब्याला लागू देऊ नयेत असं आहे, आणि लिंबाचा रस तर 2-3 च्या आसपास. म्हणून पाण्याचा तांब्याचा पेला यासाठी वापरू नका. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात बाहेरून तांबं, आतून स्टील असे पेले मिळतात, ते उत्तम. नाहीतर साधा काचेचा ग्लास.

जुळणी. पेला काठोकाठ बर्फाने भरा. दोनच खडे टाकले तर ते लवकर विरघळून चव पाणचट करतात. 45 मिली व्होडका, म्हणजे दीड स्मॉल पेग. 10 मिली ताज्या कागदी लिंबाचा रस. वरून 120 मिली थंडगार जिंजर बिअर, पेला तिरका धरून हळू ओता. लांब चमच्याने एकदाच खालून वर ढवळा, नाहीतर इतक्या दिवसांचा फेस निघून जाईल. लिंबाची चकती लावा. पुदिना ऐच्छिक. चाट मसाला मी घालत नाही, तो आल्याला झाकतो.

मध्य प्रदेशात मद्यासाठी वयाची अट 21 वर्षांची आहे, आणि प्यायल्यावर गाडी चालवायची नाही. रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, खायला जायचं असेल तर रिक्षा करा. न पिणाऱ्या पाहुण्यांसाठी विरजण न घालता तोच आल्याचा पाक निम्म्या पाण्यात घट्ट करा. तो 40 मिली, लिंबू आणि वर सोडा. पेला तोच द्या.

उरलेलं विरजण फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदा चमचाभर साखर-आलं घालत राहा. पुढच्या वेळी आदल्या दिवशी बाहेर काढलं की पुरे.